‘तयार झाल्यावर येईल’ म्हणजे नक्की कधी?

डिसेंबर 1995 मध्ये इन्फोमॅजिक नावाच्या कंपनीने ‘डेबियन 1.0’ असं लिहिलेली सीडी विकायला काढली. गंमत अशी, की डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मुक्त संगणक प्रणाली बनवणाऱ्यांनी 1.0 अजून काढलेलीच नव्हती. त्यांचं चालू काम, अर्धवट अवस्थेतलं, सर्व्हरवर सगळ्यांना दिसेल असं पडलेलं होतं. कंपनीने तेच उचललं, सीडीवर घातलं आणि वर आकडा छापला. ही सीडी धड चालत नाही हे दोघांनाही मिळून जाहीर करावं लागलं. ज्यांनी ती विकत घेतली त्यांचा घोळ होऊ नये म्हणून डेबियनने मग 1.0 हा आकडाच सोडून दिला. जून 1996 मध्ये पहिली खरी आवृत्ती आली ती थेट 1.1 म्हणून.

मुक्त सॉफ्टवेअरची मुख्य अडचण या प्रसंगात आहे. एखाद्या कंपनीचं बंदिस्त सॉफ्टवेअर बाजारात येईपर्यंत कुणाच्या हाती लागत नाही. इथे कोड रोजच उघड्यावर असतो, कुणीही केव्हाही घेऊन चालवू शकतो. मग ‘आज आम्ही स्थिर आवृत्ती काढली’ याने नेमकं काय बदलतं? कोडच्या दृष्टीने फारसं काहीच नाही. बदलते ती जबाबदारी. कालपर्यंत ‘चालवा, पण तुमच्या जोखमीवर’ असं होतं. आजपासून ‘यावर ऑफिसचा सर्व्हर उभा करा, पुढची काही वर्षं आम्ही ते सांभाळू’ असं होतं. हे म्हणण्याची वेळ आली की नाही, हे ठरवायचं कसं आणि कुणी?

डेबियनचंच उदाहरण घेऊन ते बघू, कारण हा निर्णय इतक्या उघडपणे आणि इतकी वर्षं घेत आलेला दुसरा प्रकल्प सापडणं अवघड आहे. 1993 च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांनी तो सुरू केला. लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि त्यावर चालणारी हजारो सॉफ्टवेअर एकत्र बांधून, एकमेकांशी जुळवून देणं हे त्याचं काम. प्रत्येक सॉफ्टवेअरचं एक पॅकेज, आणि प्रत्येक पॅकेजचा कुणीतरी मेंटेनर, म्हणजे ते सांभाळणारा. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्ये, म्हणजे ‘ट्रिक्सी’मध्ये, जवळपास 70 हजार पॅकेजेस आहेत. मेंटेनर जगभर पसरलेले, बहुतेक स्वयंसेवक. कुणी कुणाचा साहेब नाही. सी-डॅकने आपल्याकडे सरकारी वापरासाठी तयार केलेली ‘बॉस’ लिनक्सही याच पायावर उभी आहे, आणि उबुंटूही.

या 70 हजारांपैकी रोज काही ना काही बदलत असतं. त्यामुळे डेबियनने माल तीन ठिकाणी ठेवला आहे. नवीन काम येऊन पडतं ते ‘अनस्टेबल’मध्ये. तिचं कायमचं टोपणनाव सिड. डेबियनच्या आवृत्त्यांना एका ॲनिमेशनपटातल्या पात्रांची नावं देतात, आणि सिड हा त्यातला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. नाव चपखल आहे. तिथे तगलेलं पॅकेज ‘टेस्टिंग’मध्ये जातं. आणि टेस्टिंग एके दिवशी ‘स्टेबल’ होते.

अनस्टेबलमधून टेस्टिंगमध्ये जाण्याचा निर्णय माणूस घेत नाही. ब्रिटनी नावाचा एक प्रोग्राम तो घेतो, आणि त्याचे निकष सांगण्यासारखे आहेत. पॅकेज अनस्टेबलमध्ये काही दिवस पडून राहिलेलं हवं: साधारणपणे पाच, बदल अगदीच बिनघाईचा असेल तर दहा, तातडीचा असेल तर दोन. ज्या-ज्या प्रकारच्या प्रोसेसरवर ते आधी चालत होतं त्या सगळ्यांवर ते पुन्हा बांधलं गेलेलं हवं. ते ज्यांच्यावर अवलंबून आहे ती पॅकेजेस टेस्टिंगमध्ये हवीत, आणि याच्या जाण्याने दुसरं काही मोडता कामा नये. शेवटचा निकष माझा आवडता. नव्या पॅकेजमध्ये गंभीर बग, म्हणजे दोष, असूच नयेत अशी अट नाही. टेस्टिंगमध्ये सध्या असलेल्या जुन्या पॅकेजपेक्षा नवे गंभीर बग त्यात नसावेत, एवढीच अट आहे. परिपूर्णता मागितली असती तर काहीच पुढे सरकलं नसतं. ‘आहे त्यापेक्षा वाईट नको’ एवढंच मागितल्यामुळे ढीग हळूहळू, पण एकाच दिशेने सरकतो.

आता गंभीर म्हणजे काय? डेबियनमध्ये प्रत्येक बगला एक पायरी दिलेली असते. वरच्या तीन पायऱ्यांना ‘रिलीज क्रिटिकल’ म्हणतात, म्हणजे आवृत्ती अडवून धरू शकणारे. सगळ्यात वरच्या पायरीवर असतात संबंध नसलेलं दुसरं सॉफ्टवेअर किंवा अख्खं मशीन बंद पाडणारे, वापरणाऱ्याचा डेटा मोठ्या प्रमाणावर घालवणारे, किंवा पॅकेज नुसतं बसवलं तरी सुरक्षेला भोक पाडणारे बग. दुसऱ्या पायरीवर ते पॅकेजच निरुपयोगी करणारे. तिसऱ्या पायरीवर डेबियनच्या धोरणाचा ठळक भंग करणारे, किंवा मेंटेनरच्या वा आवृत्ती काढण्याचं काम बघणाऱ्या रिलीज मॅनेजरच्या मते पॅकेज बाहेर देण्याच्या लायकीचं न ठेवणारे. या शेवटच्या कलमात नियमावलीने हात वर केलेले दिसतात. इतकी व्याख्या करून झाल्यावरही शेवटी कुणाच्या तरी मतावर सोडावं लागतं. खाली मग महत्त्वाचे, साधारण, किरकोळ आणि ‘असं असतं तर बरं’ या प्रकारचे बग येतात. ते हजारोंनी असतात आणि त्यांच्यासाठी कुणी थांबत नाही.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की क्रिटिकल बगांची संख्या शून्यावर आली की आवृत्ती काढत असतील. प्रत्यक्षात शून्य आणण्याचे तीन रस्ते आहेत, आणि ‘बग दुरुस्त करणं’ हा त्यातला फक्त एक. दुसरा रस्ता म्हणजे पॅकेजच काढून टाकणं. ज्याच्यावर फारसं कुणी अवलंबून नाही अशा पॅकेजमध्ये गंभीर बग पडून राहिला, तर ते टेस्टिंगमधून आपोआप बाहेर काढलं जातं. मेंटेनरला आधी इशारा जातो, आणि बरेचदा तो इशाराच दुरुस्ती घडवून आणतो. तिसरा रस्ता असा, की रिलीज टीम त्या बगवर एक खूण करते: या आवृत्तीपुरता हा दुर्लक्षित. म्हणजे बग आहे, आम्हाला माहीत आहे, आणि त्याच्यासकट आम्ही आवृत्ती काढतो आहोत. ही खूण करणं हाच खरा निर्णय. बाकी सगळी मोजदाद त्याच्या आधीची तयारी.

पण मोजदादीला एक मोठा शत्रू आहे: नवं काम. एकीकडे बग मिटतात, दुसरीकडे नवी पॅकेजेस नवे बग घेऊन येतात. म्हणून काही काळ दार लावून घ्यावं लागतं. त्याला म्हणतात फ्रीझ. ट्रिक्सीच्या वेळी हे दार टप्प्याटप्प्याने लागलं. 15 मार्च 2025 ला अनेक पॅकेजेसना एकदम हलवणारे मोठे बदल बंद झाले, उदाहरणार्थ अनेक प्रोग्राम वापरतात अशा एखाद्या पायाभूत लायब्ररीची नवी आवृत्ती. 15 एप्रिलपासून फक्त छोट्या, नेमक्या दुरुस्त्या, नवं पॅकेज नाही. 15 मेपासून महत्त्वाच्या पॅकेजेसच्या प्रत्येक बदलासाठी रिलीज टीमची परवानगी. मेंटेनरने काय बदललं आणि का, ते ओळीओळीने दाखवायचं. 27 जुलैला पूर्ण कुलूप. आणि 9 ऑगस्टला आवृत्ती बाहेर.

फ्रीझचा फायदा अनुवाद करणाऱ्यांनाही होतो, याचा उल्लेख सहसा कुणी करत नाही. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतही चालतो. पण प्रोग्राममधली इंग्रजी वाक्यं शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलत राहिली तर मराठी अनुवाद कायम मागे राहणार, आणि वापरणाऱ्याला अर्धा पडदा मराठी, अर्धा इंग्रजी दिसणार. म्हणून कोडच्या आधी किंवा सोबत वाक्यंही गोठवावी लागतात. चार-सहा माणसांच्या बळावर चालणाऱ्या भाषांसाठी ही मुदत म्हणजे श्वास घ्यायला मिळालेली जागा.

दार कधी लावायचं, यावरून मात्र डेबियनने बराच मार खाल्ला आहे. जुलै 2002 मध्ये ‘वूडी’ आली. पुढची ‘सार्ज’ यायला जून 2005 उजाडला. जवळजवळ तीन वर्षं. या काळात इन्स्टॉलर मुळापासून नव्याने लिहिला जात होता, आणि त्याची वाट बघत बाकी सगळं ताटकळत होतं. भरीला 2004 मध्ये प्रकल्पाने आपल्या सामाजिक करारातले, म्हणजे वापरणाऱ्यांना दिलेल्या वचननाम्यातले, शब्द बदलले. ते अक्षरशः लावले तर दस्तावेज आणि फर्मवेअरचाही (हार्डवेअरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) कित्येक ठिकाणचा भाग वगळावा लागला असता. मग पुन्हा मतदान करून तो बदल सार्जनंतर लागू होईल असं ठरवावं लागलं. दरम्यान स्टेबल वापरणाऱ्यांच्या मशीनवर तीन वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर होतं आणि नवं हार्डवेअर त्याला ओळखता येत नव्हतं. याच पोकळीत ऑक्टोबर 2004 मध्ये उबुंटू आली: डेबियनचाच माल, पण दर सहा महिन्यांनी, ठरल्या तारखेला.

तारीख पक्की करण्याचं तर्कशास्त्र मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. दिवाळी अंक दिवाळीलाच यावा लागतो. एखादी कथा लिहून झाली नाही तर ती वगळून अंक छापतात, कथेसाठी दिवाळी पुढे जात नाही. लिनक्स कर्नल असाच चालतो. नवे बदल घेण्यासाठी दोन आठवड्यांची खिडकी उघडते, मग ती बंद होते आणि दर आठवड्याला एक अशा साधारण सात-आठ चाचणी आवृत्त्या येतात. नऊ-दहा आठवड्यांत लिनस टोरवाल्ड्स नवी आवृत्ती काढतात. ज्याचा बदल राहिला त्याने पुढच्या खिडकीची वाट बघायची. अडीच महिन्यांनी पुन्हा संधी आहे म्हटल्यावर कच्चा कोड आत्ताच घुसवण्याची घाई कमी होते. तीन वर्षांनीच संधी मिळणार असेल तर प्रत्येक जण दाराला पाय लावून उभा राहणार. सार्ज रखडण्याचं हेही एक कारण होतंच.

तारीख पाळायची तर वगळण्याचं धाडस लागतं. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसची 15 वी आवृत्ती ऑक्टोबर 2022 मध्ये येणार होती. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतून जेसन या स्वरूपातला डेटा हाताळण्याच्या नव्या सोयी हे तिचं एक मोठं आकर्षण होतं. बीटामध्ये, म्हणजे चाचणी आवृत्तीत, त्या होत्या, लोक वापरून बघत होते. पण कोडच्या गाभ्यात काही गोष्टी नीट बसत नाहीत असं अनुभवी डेव्हलपरांचं मत पडलं आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, आवृत्तीला दीडेक महिना राहिला असताना, ते सगळं काम काढून घेतलं गेलं. त्यातलं बरंचसं पुढे 16 आणि 17 मध्ये सुधारून परत आलं. बीटामध्ये मिरवलेली गोष्ट अशी मागे घेणं लाजिरवाणं वाटू शकतं. मला तर तो त्या प्रकल्पाबद्दल विश्वास वाढवणारा प्रसंग वाटतो.

डेबियनने दोन्हींच्या मधला रस्ता काढला. 2009 च्या जुलैत त्यांनी ठरवलं, की फ्रीझ ठरावीक वेळी होईल; आवृत्ती मात्र तयार झाल्यावरच येईल. दार लावायची तारीख पक्की, उघडायची नाही. त्यानंतर दर दोन वर्षांच्या आसपास आवृत्ती येत राहिली आहे: 2011, 2013, 2015, 2017, 2019, 2021, 2023, 2025. स्वयंसेवकांच्या प्रकल्पासाठी ही शिस्त थक्क करणारी आहे.

पैसे देऊन तारीख पाळता येते का, हेही त्याआधी करून बघितलं गेलं. 2006 मध्ये ‘डंक-टँक’ नावाने निधी उभारून दोन रिलीज मॅनेजरांना पूर्णवेळ कामाचा मोबदला द्यायचं ठरलं, डिसेंबरात सार्जनंतरची ‘एच’ यावी म्हणून. त्यावर प्रकल्पात वाद पेटला. आम्ही फुकट राबतो आणि यांना पैसे का, अशी नाराजी पसरली आणि काहींनी आपलं काम हळू केलं. एच आली एप्रिल 2007 मध्ये.

आतापर्यंतचं सगळं बगांची मोजदाद आणि तारखा यांबद्दल झालं. पण एक कोडं मोजदादीने सुटत नाही. बरेच बग तेव्हाच सापडतात, जेव्हा नाना प्रकारचे लोक नाना प्रकारच्या मशीनवर सॉफ्टवेअर वापरतात. आणि ते लोक तेव्हाच वापरायला येतात, जेव्हा तुम्ही ‘आता हे तयार आहे’ म्हणता. चाचणी आवृत्ती चालवणारे मुळातच हौशी, जाणते, मोडलं तर दुरुस्त करून घेणारे. बँकेच्या काउंटरवरच्या माणसाला जे खटकेल ते त्यांना खटकतच नाही.

केडीईने 11 जानेवारी 2008 ला 4.0 काढली ती काहीशी याच हिशेबाने. हा लिनक्सवरचा नावाजलेला डेस्कटॉप, 3.5 ही आवृत्ती लोकांच्या अंगवळणी पडलेली. 4 मालिकेचा पाया पूर्ण नवा होता. प्रकल्पातल्यांचं म्हणणं असं, की पाया पक्का झाला आहे, इतर ॲप बनवणाऱ्यांनी आता त्यावर काम सुरू करावं. रोजच्या वापरासाठी 3.5 आहेच. म्हणजे त्यांच्या लेखी 4.0 ही डेव्हलपरांसाठीची आवृत्ती. पण आकड्याच्या शेवटी ‘.0’ आहे, समारंभपूर्वक प्रकाशन झालं आहे, हे बघून इतरांनी वेगळाच अर्थ काढला. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या 9 व्या आवृत्तीने त्याच वर्षी मे महिन्यात ती लोकांना दिली. पॅनेल हवं तसं हलवता येत नाही, जुन्या सोयी गायब, मधूनच कोसळतं: लोक वैतागले. लिनस टोरवाल्ड्स यांनी केडीई सोडून नोम हा दुसरा डेस्कटॉप धरला आणि ते जाहीरपणे सांगितलं. सर्वसामान्यांना सुचवावी अशी आवृत्ती जानेवारी 2009 मध्ये आली, ती 4.2. केडीईचं तांत्रिक गणित चूक नव्हतं. 4 चा पाया पुढे बरीच वर्षं टिकला. कुणासाठी तयार, हे मात्र आकड्यातून कळायची सोय त्यांनी ठेवली नाही, आणि बातमीखालचा बारीक मजकूर कुणी वाचत नाही.

वाइनने याच्या उलट टोक गाठलं. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा हा प्रकल्प 1993 मध्ये सुरू झाला आणि त्याची 1.0 आली 17 जून 2008 ला. पंधरा वर्षं! अडचण समजण्यासारखी आहे: विंडोजचे सगळे प्रोग्राम चालले पाहिजेत म्हटलं तर 1.0 कधीच येणार नाही. शेवटी त्यांनी मोजक्या प्रोग्रामांची नावं लिहून काढली. फोटोशॉप सीएस 2, आणि वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटच्या फाइली नुसत्या बघता येणारे व्ह्यूअर. एवढे नीट चालले की 1.0. छोटा वाटतो तो निकष, पण कुणालाही तपासून बघता येईल असा. एखादा छोटा प्रकल्प चालवणाऱ्याने मला विचारलं, तर मी डेबियनची यंत्रणा उचल असं न सांगता हेच सुचवेन: तुझं सॉफ्टवेअर वापरून माणूस नेमकी कोणती पाच कामं करणार ते लिही, आणि ती होतात का बघ.

तरी या सगळ्या चाळण्यांतून काय निसटू शकतं, याचे दोन दाखले जोडीने बघण्यासारखे आहेत.

सप्टेंबर 2006 मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या सांकेतिक सुरक्षेच्या पॅकेजमध्ये एक छोटा बदल झाला. तपासणीचं एक साधन कोडबद्दल तक्रार करत होतं, ती थांबावी म्हणून काही ओळी काढल्या गेल्या. त्यांच्यासोबत गुप्त किल्ल्या तयार करताना लागणारी यादृच्छिकताही गेली, आणि एखाद्या प्रकारच्या किल्लीचे फक्त 32 हजारांच्या आसपास पर्याय उरले. म्हणजे हल्लेखोराला सगळे करून बघता यावेत इतके कमी. हा बदल सगळे दिवस थांबला, सगळ्या चाळण्या पार करून गेला, एप्रिल 2007 च्या एचमध्ये, म्हणजे स्टेबलमध्ये, पोचला. काहीच मोडत नव्हतं. कुणी तक्रार करत नव्हतं. तो मे 2008 मध्ये उघडकीला आला आणि जगभरच्या सर्व्हरवरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. क्रिटिकल बगांची यादी फक्त माहीत असलेल्या बगांची असते.

दुसरा दाखला मार्च 2024 चा. एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या साध्यासुध्या लायब्ररीच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम चोरवाट पेरली होती. ती डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगपर्यंत पोचली. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसक्यूएलचे डेव्हलपर सिडवर वेग मोजण्याचं काम करत होते. एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे जाण्याच्या साधनाने, लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांना खटकलं. खणत गेले आणि 29 मार्चला त्यांनी ते जाहीर केलं. स्टेबल सुरक्षित होती, कारण तिथे नव्या आवृत्त्या जातच नाहीत. तिला वाचवलं ते कुठल्या हुशार तपासणीने नाही. माल काही काळ बाहेर पडून राहतो आणि त्या काळात कुणाचं तरी लक्ष जाऊ शकतं, या जुन्या कंटाळवाण्या पद्धतीने वाचवलं. नशिबाचा वाटा त्यात होताच. आणखी वर्षभर कुणाला खटकलं नसतं तर चोरवाट ट्रिक्सीसोबत स्टेबलमध्ये उतरली असती.

आवृत्ती काढल्यावर काय होतं तेही या निर्णयाचाच भाग. स्टेबलमधली सॉफ्टवेअर नवी होत नाहीत. फक्त सुरक्षेच्या आणि गंभीर बगांच्या दुरुस्त्या त्या जुन्या आवृत्तीत बसवून दिल्या जातात. तीन वर्षं पूर्ण सांभाळ, मग आणखी दोन वर्षं मर्यादित. म्हणून आवृत्ती काढताना रिलीज टीमला एक प्रश्न वेगळाच पडतो: आज हे चालतंय, पण पाच वर्षं याला दुरुस्त करत राहणारा कुणी आहे का? मूळ लेखकाने सोडून दिलेलं, सुरक्षेच्या बाबतीत लंगडं पॅकेज आज बिनबोभाट चालत असलं तरी बाहेर ठेवलेलं बरं.

साठलेल्या दुरुस्त्या एकत्र करून दर दोनेक महिन्यांनी छोटी आवृत्ती येते. ट्रिक्सीची पहिली, 13.1, सप्टेंबर 2025 मध्ये आली. घरच्या लॅपटॉपवर मी पहिल्या आठवड्यातच अपग्रेड करतो. ज्या सर्व्हरवर दुसऱ्यांचं काम अवलंबून आहे तो मात्र .1 येईपर्यंत जुन्याच आवृत्तीवर असतो, आणि डेबियन जुन्या आवृत्तीचाही नव्यानंतर साधारण वर्षभर पूर्ण सांभाळ करत असल्याने त्याची घाईही नसते.